ओच्या फांदीला एक नवं पान

भिंगरीची गोष्ट सांगायची तर आधी तो ठोकळा तुमच्या डोळ्यांसमोर उभा करायला हवा. आणि तो उभा राहतच नाही, सगळी गंमत तिथेच आहे!

म्हणजे बघा, भिंगरी नोकरीला लागली ती रक्तपेढीत. सुया टोचायच्या कामाला नाही हं, रक्त नुसतं दिसलं तरी तिच्या पायातलं बळ जातं. ती वरच्या मजल्यावर आकड्यांच्या खोलीत बसायची. खाली रक्त द्यायला येणाऱ्यांच्या आडव्या खुर्च्या, बिस्किटांचे पुडे, सरबताचे ग्लास, आणि मागच्या खोलीत दिवसभर घूंऽऽ करत बसलेले मोठाले फ्रिज. वर तीन टेबलं, एक खिडकी आणि भिंतभर स्क्रीन. या रक्तपेढीची केंद्रं शहरभर पसरलेली. एक टेकडीवर, एक बंदरापाशी, एक स्टेशनसमोर, एक कारखान्यांच्या रस्त्याला, अशी. सगळीकडे मिळून कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत ते त्या स्क्रीनवर दिसायचं. आणि फक्त इथे नाही, सगळ्या केंद्रांत आणि सगळ्या हॉस्पिटलांत तोच स्क्रीन, तेच आकडे. तिकडे ऑपरेशनला घ्यायच्या आधी डॉक्टर हा आकडा बघणार. मग घेणार.

हे आकडे राहायचे कुठे? तर त्या ठोकळ्यात.

पहिल्याच दिवशी मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं. मॅडम म्हणजे त्या खोलीच्या मुख्य. आवाज कधी चढायचा नाही, पण त्यांनी नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला तरी खोली गप्प. त्या म्हणाल्या, "कागदावर एक तक्ता काढ. आडवी केंद्रं, उभे रक्तगट. काढलास? आता त्याच्यावर दुसरा तक्ता ठेव, पुढच्या महिन्याचा. त्याच्यावर तिसरा. झाला ठोकळा. आता या ठोकळ्याच्या प्रत्येक खणात आणखी खण आहेत, कारण रक्त म्हणजे नुसतं रक्त नसतं. लाल पेशी वेगळ्या, प्लाझ्मा वेगळा, प्लेटलेट वेगळ्या. दिसतंय का?"

"मॅडम, चौथ्या बाजूला मी हरवले."

"सगळेच हरवतात. पाचवी अजून सांगितलीच नाही."

पलीकडच्या टेबलावरचा पेन्सिल फिस्सकन हसला. पेन्सिल म्हणजे भिंगरीचा सोबती, तिच्याआधी दोन वर्षं लागलेला. उंच, बारीक, आणि टोक काढल्याशिवाय, म्हणजे टोमणा मारल्याशिवाय, एक वाक्य बोलेल तर शपथ. तो म्हणाला, "मॅडम, हिला आत सोडू नका. भिंगरी आहे ती, फिरत फिरत प्लाझ्मात पडेल."

नाव तिचं दुसरंच आहे हो. पण लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही म्हणून दादाने भिंगरी ठेवलं, आणि त्याच दिवशी सकाळी वहिनीने तिला डबा द्यायला ऑफिसच्या दारातून हाक मारली, "ए भिंगरे!" झालं. ऑफिसातही तेच चिकटलं.

तर मॅडमनी पुढे सांगितलं ते नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूला एक झाड असतं. रक्तगटांचं झाड घ्या. सगळ्यात वर 'सगळे गट'. त्याच्याखाली ए, बी, एबी, ओ. प्रत्येकाखाली पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. अगदी टोकाला असतात ती पानं. खरा आकडा राहतो तो फक्त पानावर. वरची फांदी काहीच ठेवत नाही स्वतःकडे, ती नुसती खालच्या पानांची बेरीज दाखवते. एका पानावर एक पिशवी वाढली की क्षणात वरची फांदी एकाने वाढते, त्याच्या वरची वाढते, आणि थेट शेंड्यापर्यंत जातं ते.

भिंगरी त्या दिवशी घरी जाऊन जेवणं सोडून हेच सांगत बसली. "वहिनी, अगं बंदरावर कुणीतरी एक पिशवी दिली ना, तर आमच्या इथे शेंडा हलतो! कुणी हात न लावता!"

वहिनी म्हणाली, "हो का? आमच्या शाळेत एक पोरगं रांगेत हललं की शेवटपर्यंत सगळी रांग हलते. मला नाही कुणी स्क्रीन दिला."

वहिनी शाळेत खेळाच्या तासाच्या बाई. गळ्यात कायम शिट्टी. घरातही शिट्टीच. एक शिट्टी म्हणजे जेवायला या, दोन म्हणजे बाथरूममधून बाहेर पडा आता. दादा बिचारा सवयीने दोन शिट्ट्यांवर बसमधूनसुद्धा उतरला असता. आई-बाबा लांब राहायचे, त्यामुळे भिंगरी कॉलेजपासून दादा-वहिनीकडेच. तिच्या परीक्षांच्या वेळी जागी राहणारी वहिनी, तिचा ताप मोजणारी वहिनी, पहिल्या मुलाखतीला जाताना पायरीवर उभी राहून जोरात शिट्टी मारणारीही वहिनीच.

आणि आता वहिनी आई होणार होती.

शेवटचे दिवस आले तसं डॉक्टरांनी सांगितलं की वार, प्लॅसेंटा म्हणतात ती, खाली बसलीय. ऑपरेशन करावं लागेल, आणि रक्त जाऊ शकतं, चांगलंच जाऊ शकतं. म्हणून आधीच रक्त जुळवून ठेवू. वहिनीचा गट ओ पॉझिटिव्ह, ओच्या पिशव्या ढिगाने, त्यात काय एवढं? पण हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जुळवायला घेतलं तर एकही पिशवी जुळेना! दुसरी घेतली, तिसरी घेतली. प्रत्येक वेळी काचेवर रक्ताच्या गुठळ्या. मग खोलात तपासलं तेव्हा कळलं की वहिनी ओ नाहीच. दिसायला ओ, साध्या तपासणीत ओ, पण ओच्या रक्तातही जी एक गोष्ट असते ती हिच्या रक्तात नाही. लॅबवाले त्या गटाला ओएच म्हणतात. हजारोंत एखादा असतो. असा माणूस आपलं रक्त कुठल्याही पॉझिटिव्ह गटाला देऊ शकतो, पण घेऊ मात्र फक्त दुसऱ्या ओएचचंच शकतो. साध्या ओचं दिलं तर जिवावर बेतेल. सख्ख्या भावंडांत सापडायची शक्यता असते, पण वहिनी एकुलती एक.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टर म्हणाले, निदान दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि थांबायलाही फार वेळ नाही.

भिंगरी ऑफिसात आली ती धावतच. मॅडमनी ऐकून घेतलं, फोन उचलला आणि एकेक केंद्र लावायला सुरुवात केली. पेन्सिलने उरलेली घेतली. आणि प्रत्येक ठिकाणाहून उत्तर काय यावं?

"ओएच? थांबा हं, बघतो. नाही मॅडम, आमच्या स्क्रीनवर असा गटच नाही."

"स्क्रीनवर नाही ते कळलं. फ्रिजमध्ये आहे का?"

"स्क्रीनवर नाही म्हणजे कसं असेल?"

सगळीकडे हेच! मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी खाली जाते. आपल्या फ्रिजमधल्या पिशव्या एकेक बघायला लावते. तोपर्यंत शांत बस. कशाला हात लावू नकोस."

आता भिंगरीला शांत बस म्हणणं म्हणजे वाऱ्याला जरा बाजूला उभा राहा म्हणण्यासारखं. ती बसली खरी, पण बसल्या बसल्या तिने टेकडीच्या केंद्राची कच्ची नोंद उघडली. सगळ्या केंद्रांत नवीन मशीन बसवल्यापासून प्रत्येक पिशवीचा निकाल मशीन स्वतःच लिहायचं, आणि दर तासाला एक प्रोग्राम ते सगळं ओढून ठोकळ्यात भरायचा. त्याला लोड म्हणायचे. भिंगरी नोंद खाली खाली सरकवत गेली. ओ, ओ, ए, ओ, बी, ए, ओ, ओएच.

ओएच!

"पेन्सिल! ए पेन्सिल! आहे! टेकडीवर आहे! मशीनने लिहिलंय!"

पेन्सिल तिच्या खांद्यावरून वाकला. कधी नव्हे ते टोक न काढता म्हणाला, "अगं हो गं. मशीन लिहितंय आणि कुणीच वाचत नाहीय. झाडात ओएच नावाचं पानच नाही ना. ज्याला पान नाही त्याला लोड जवळच्या पानावर टाकतो. म्हणजे ओ पॉझिटिव्हवर टाकलं असणार. मिसळून गेलं सगळं."

तुम्हीच विचार करा, काय वाटलं असेल तिला! पिशवी थंडगार फ्रिजमध्ये पडलेली, मशीनला माहीत, आणि साऱ्या शहरात एकाही माणसाला दिसत नाही. कारण काय, तर झाडाला एक पान कमी!

"मग घालूया ना पान!"

"मॅडमना येऊ दे."

"दोन क्लिकचं काम आहे!"

आणि तेवढ्यात दादाचा फोन. दादाचा आवाज असा कधी ऐकला नव्हता तिने, कोरडा, पार कोरडा. "भिंगरे, डॉक्टर विचारतायत. मिळणार का नाही, एवढंच सांग."

"मिळणार दादा, मिळणारच," असं म्हणत तिने एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने गटांचं झाड उघडलं. ओएच दिसायला ओ पॉझिटिव्हसारखं, मग ते ओ पॉझिटिव्हच्या खालीच जाणार ना? सरळ आहे. ओ पॉझिटिव्हवर क्लिक, खाली नवीन जोडा, नाव ओएच. एक चौकट वर आली. 'हे पान आता बेरीज होईल. पुढे जायचं?' कुणी वाचलं? भिंगरीने हो दाबलं.

आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर ओ पॉझिटिव्हचा आकडा शून्य झाला.

एका केंद्रात नाही हो, सगळ्या! टेकडी शून्य, बंदर शून्य, स्टेशन शून्य. वर 'सगळे गट'चा शेंडा धाडकन निम्म्याजवळ आला. सगळ्यात जास्त लागणारा गट, आणि पापणी लवते न लवते तोवर साऱ्या शहरातून गायब.

"अगं ओ गेला!" पेन्सिल ओरडला.

"कुठे गेला?"

"मला काय विचारतेस, तू घालवलास!"

फोन वाजायला लागले. एक, मग दुसरा, मग सगळेच. कुठल्यातरी हॉस्पिटलमधून एक बाई घाबरून विचारत होत्या, आमचा पेशंट टेबलावर घेतलाय, ओ संपला म्हणजे काय? जिन्यात धडधड पावलं वाजली आणि खालचा लॅबवाला हातमोज्यांसकट दारात. "खाली फ्रिजचं दार लागत नाही इतका ओ भरलाय, आणि वर शून्य? रक्त काय भुतांनी प्यायलं?"

त्याच्यामागून मॅडम आल्या. त्यांनी स्क्रीन बघितला, मग भिंगरीकडे बघितलं. भिंगरीचे डोळे काठोकाठ भरलेले. वहिनीसाठी एक पिशवी शोधायला निघाली आणि सगळ्या गावाच्या पिशव्या घालवून बसली!

मॅडम फोनांकडे वळल्या. पेन्सिलला आणि लॅबवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही दोघं फोन उचला. प्रत्येकाला एकच सांगायचं. रक्त जागेवर आहे, फक्त आकडा गेलाय. कुणी काही थांबवू नका, पिशव्या हाताने मोजून घ्या." मग खुर्ची ओढून भिंगरीच्या शेजारी बसल्या. "रडायचं असेल तर पाच मिनिटांनी. आधी सांग, आकडा कुठे राहतो?"

"पानावर."

"आणि फांदीवर?"

"फांदीवर काहीच नाही. फांदी नुसती..." आणि भिंगरी बोलता बोलता थांबली.

आलं ना लक्षात? ओ पॉझिटिव्ह आतापर्यंत पान होतं. साऱ्या पिशव्या त्याच्यावर लिहिलेल्या. हिने त्याच्याखाली एक पान लावलं, त्याबरोबर ते फांदी झालं. आणि फांदी स्वतःचं असं काही ठेवतच नाही! खालच्या पानांची बेरीज करते. खाली एकच पान, ओएच, तेही अजून रिकामं. मग बेरीज किती? शून्य!

"ज्याला आजवर स्वतःचं होतं," मॅडम म्हणाल्या, "त्याला एकदम पोर दिलंस. त्याच्याजवळचं आधी कुणाच्या तरी हातात सोपवायला नको का?"

"मग अजून एक पान," भिंगरी पुटपुटली. "ओएचच्या शेजारी. नेहमीचा ओ. फांदीजवळचं सगळं त्या पानाला जाईल."

"घाल."

"पण मॅडम, आकडे तर गेले."

"ठोकळ्यातले गेले. मशीनच्या नोंदी कुठे गेल्यात? सगळं पुन्हा भरायचं. पण लोडला आधी सांग, कुणाला कुठे बसवायचं. नाहीतर तो येऊन फांदीवर लिहायला बघेल आणि आपटेल."

भिंगरीने घातलं. या वेळी एकेक अक्षर वाचून. 'ओ पॉझिटिव्ह' फांदी. तिच्याखाली दोन पानं, 'नेहमीचा ओ' आणि 'ओएच'. मग लोडच्या नियमात लिहिलं, नोंदीत ओएच असेल तर ओएच, ओ पॉझिटिव्ह असेल तर नेहमीचा ओ. मॅडमनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, "सोड."

लोड सुटला. खोलीत फोन वाजत होते पण भिंगरीला काही ऐकू येत नव्हतं. ती त्या स्क्रीनकडे बघत होती. आधी स्टेशनचा आकडा आला. पहाटे एकेका घरात दिवे लागावेत तसा. मग कारखान्यांच्या रस्त्याचा. शेंडा हलला, वाढला. मग बंदर. शेंडा पुन्हा वाढला. पेन्सिलने फोन कानाला लावलेलाच होता, त्याच्यात ओरडला, "आला हो बाई, ओ आला! बघा तुमच्या स्क्रीनवर!" पलीकडून कुणीतरी रडल्यासारखं हसलं. लॅबवाला हातमोजे काढत म्हणाला, "चला, भुतांनी परत आणून दिलं," आणि खाली निघून गेला.

आणि मग भिंगरीने ओ पॉझिटिव्हची फांदी उघडली.

नेहमीच्या ओची ओळ भरलेली. त्याच्याखाली ओएचची ओळ. स्टेशन, रिकामं. कारखाने, रिकामं. एक रिकामं, आणखी एक रिकामं. एवढा मोठा ठोकळा, इतक्या बाजू, हजारो हजारो खण, आणि त्या सगळ्यातून ती एक बारीकशी ओळ, जवळजवळ कोरी. आणि मग बंदरापाशी एक. आणि टेकडीवर एक.

एक आणि एक! दोन माणसं. कुठेतरी कुणीतरी बाही वर करून, मान दुसरीकडे वळवून, एक पिशवी दिली आणि बिस्कीट खाऊन घरी गेलं. भिंगरीच्या अंगावर असा काटा आला! ती पिशवी कालही तिथेच होती हो. परवाही. तिला फक्त कुणी नाव दिलं नव्हतं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "आत्ता घातलं ना आपण हे पान? पण असं वाटतंय की ते आधीपासून होतं, आपण नुसतं वरून काहीतरी बाजूला केलं."

मॅडम पुढे वाकल्या. त्यासुद्धा बघतच होत्या. मग त्यांनी महिन्यांची बाजू उघडली, मशीन आल्यापासूनचे महिने, एका रांगेत. बंदरावरचा एकच ठिपका. पण टेकडीवर बघा! एक ठिपका, मग मध्ये जागा, मग पुन्हा ठिपका, मग जागा, पुन्हा ठिपका.

"हा एकच माणूस आहे," मॅडम म्हणाल्या. "ठराविक दिवसांनी येतोय. आणि स्वतःला साधा ओ समजतोय."

टेकडीला फोन लावला. या वेळी पलीकडच्याने बघितलं आणि म्हणाला, "अहो मॅडम, हे कधी आलं? ओएच एक दिसतंय आमच्याकडे!" मग नोंद बघून म्हणाला, "हां, हे आमचे लिफ्टवाले. लिफ्ट दुरुस्त करतात. दर वेळी हत्यारांची पेटी उशाशी घेऊनच झोपतात."

टेकडीची आणि बंदराची पिशवी लगेच हॉस्पिटलकडे निघाली. आणि लिफ्टवाल्यांची पुन्हा रक्त द्यायची वेळ पुरती भरली नव्हती, पण रक्तपेढीच्या डॉक्टरांनी तपासून या एका वेळेपुरती सूट द्यायचं ठरवलं, म्हणून निरोप गेल्यावर ते दुपारी आपणहून भिंगरीच्या इथे, मुख्य केंद्रावर हजर. पेटी हातात. ठेंगणे, टकलावर ग्रीसचा डाग, आणि सगळं ऐकून घेतल्यावर तोंड उघडंच.

"म्हणजे इतकी वर्षं मी ओ नव्हतोच?"

"ओच होता काका," भिंगरी म्हणाली, "पण ओच्या आत एक वेगळं पान आहे, तुम्ही त्याच्यावरचे."

"घरी बायकोला सांगतो. ती म्हणतच असते, तुमचं रक्तच वेगळं आहे." आणि आडवे झाले. मग एकदम मान वर करून म्हणाले, "मग मी आजवर दिलं ते वाया गेलं का हो?"

"छे! तुमचं सगळ्या पॉझिटिव्हवाल्यांना चालतं. ज्यांना गेलं त्यांना लागू पडलं."

त्यांना वर नेऊन दाखवायचा मोह भिंगरीला आवरेना. मॅडमनी तोवर दुसरं झाड मांडलं होतं. कुणाचं रक्त कुणाला चालतं त्याचं झाड. त्यात ओएचचं तेच पान त्यांनी ए पॉझिटिव्हखाली लावलं, बी पॉझिटिव्हखाली लावलं, एबीखाली, ओखाली. भिंगरी बघतच राहिली. "एकच पान इतक्या फांद्यांना? मग बेरीज चौपट नाही होणार?"

"आकडा एकाच जागी लिहिलेला असतो. घरं कितीही असोत. शेंडा त्याला एकदाच मोजतो."

आणि शेवटी ओएचला कुणाचं चालतं, ती फांदी. तिच्याखाली एकच पान. ओएच.

लिफ्टवाले पेटी पोटाशी धरून त्या फांदीकडे बघत उभे राहिले. "द्यायला सगळ्यांच्या घरी," ते म्हणाले, "आणि घ्यायला आपलं आपणच. उद्या ज्या बाई आहेत ना, त्यांना सांगा, लिफ्टवाले शहरातच आहेत म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये, दादाच्या शेजारी. मॅडमनी सक्तीने पाठवलं होतं. वहिनीला आत नेताना तिने हात पुढे केला, भिंगरीने तिच्या मुठीत शिट्टी ठेवली. सिस्टर म्हणाल्या, "हे आत चालणार नाही." वहिनी म्हणाली, "वाजवणार नाही हो, धरणार फक्त." सिस्टरनी शिट्टी पिशवीत घालून उशाखाली सरकवली आणि दार बंद झालं.

दादा खुर्चीवर बसेना, उभा राहीना. भिंगरी पहिल्यांदा एका जागी गच्च बसली होती. हातात फोन, फोनवर पेन्सिल. तो ऑफिसात ओएचची ओळ उघडून बसला होता. हॉस्पिटलमध्ये पिशवी लावली की लगेच खूण होते, आणि खूण झाली की पानावरचा आकडा उतरतो. आतलं त्या दाराबाहेर काही कळत नव्हतं. पण ठोकळ्याला कळणार होतं.

बराच वेळ काहीच नाही. मग पेन्सिलचा आवाज आला, अगदी हळू.

"भिंगरे, बंदराचा एक गेला."

तिने दादाचा हात धरला. म्हणजे रक्त जातंय. म्हणजे लागलं. दादाने विचारलं नाही, त्याला हातावरूनच कळलं.

"टेकडीचा पण गेला," पेन्सिल म्हणाला. आणि मग घाईघाईने, "पण लिफ्टवाल्यांची कालची आहे गं, ती तपासून आलीय, आहे अजून. एक आहे. मी बघतोय. एकच आहे पण आहे."

त्या एकावर सगळं टांगलेलं! भिंगरी डोळे मिटून त्या एकाकडे बघत होती. एवढ्या बाजूंच्या, एवढ्या खणांच्या त्या ठोकळ्यात कुठेतरी मधोमध तो एक, आणि तो हलू नये, हलू नये, हलू नये.

"आहे," पेन्सिल म्हणत होता. "आहे. अजून आहे. आहे गं."

आणि दाराआडून रडणं ऐकू आलं. बारीक, रागावलेलं, ठसठशीत रडणं. दादा मटकन खुर्चीत बसला. थोड्या वेळाने सिस्टर बाहेर आल्या, मास्क खाली ओढून हसल्या. "मुलगी आहे. आईचं रक्त थांबलंय. दोन पिशव्या लागल्या, पण आता ठीक आहे. शुद्धीवर आहेत, शिट्टी मागतायत."

भिंगरी हसली आणि रडली, दोन्ही एकदम. पेन्सिल फोनवर काहीतरी ओरडत होता, मागे मॅडमचा आवाज होता, आणि मॅडमचा आवाज चक्क चढलेला होता. मग तिने डोळे पुसून फोनवर तोच स्क्रीन उघडला. दादा म्हणाला, "आता काय बघतेस?"

"हे बघ." तिने शेंड्यावर बोट ठेवलं. सगळी केंद्रं, सगळे गट, भलामोठा आकडा. "यातले दोन सकाळी होते. आता नाहीत. ते आपल्या वहिनीत आहेत."

दादा त्या आकड्याकडे बघत राहिला. आणि दोघं बघत असतानाच आकडा हलला. एकाने कमी झाला. कुठल्या झाडाच्या कुठल्या पानावरून, कुणास ठाऊक.

"आता हे कोण?" दादाने विचारलं.

भिंगरी रोज हे आकडे हलताना बघायची हो. दिवसभर हलायचे. चहा पिताना, पेन्सिलशी भांडताना, खिडकीबाहेर बघताना. तिने कधी असं विचारलंच नव्हतं. आकडा पुन्हा हलला, आणखी एकाने कमी. मग वाढला. म्हणजे कुठेतरी कुणीतरी असंच एका दारासमोर बसलंय, आणि कुठेतरी कुणीतरी बाही वर करून मान वळवलीय. तिने फांदी उघडून बघितली नाही. दोघं बहीणभाऊ नुसते एकमेकांना टेकून, तो आकडा हलताना बघत राहिले.

मग आतून शिट्टी वाजली. एकच. म्हणजे या.